सिस्टर, घागरा आणि कच्चे टाके

“हात बघ की तिचं. मढ्याचं असत्यात तसं.”

घोडेगावच्या बाजारात, शेठच्या किराणा दुकानासमोर, माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईने हे आपल्या जावेच्या कानात सांगितलं. कानात म्हणजे एसटी स्टँडपर्यंत ऐकू जाईल इतपतच. ज्यांच्या हातांबद्दल हे चाललं होतं त्या सिस्टर माझ्या पुढेच उभ्या होत्या. त्यांचे हात मनगटापर्यंत निळे होते, आणि नखं जवळजवळ काळी.

“मढ्याचे हात पांढरे असतात,” मागे न वळता सिस्टर म्हणाल्या. “निळं पडतं ते जितं माणूस, गुदमरताना. तुझा थोरला तसाच आला होता. नाळेचा वेढा गळ्याला. उलटा धरला, दोन चापट्या दिल्या, तेव्हा कुठं रडला. आता कसाय?”

“बराय, सिस्टर,” बाईचा आवाज एकदम शाळकरी झाला.

“अजून रडतो का?”

“न्हाई वो. ग्रामसेवक हाय.”

“मग आता दुसऱ्यांना रडवत असेल,” सिस्टर म्हणाल्या आणि शेठकडे वळल्या. “पाच किलो गूळ. आणि चुन्याची कळी.”

“गूळ आणि चुना? जुन्या पद्धतीचं बांधकाम काढलं का, सिस्टर?”

“मडक्याला लागतो. आणि बरा गूळ द्या. मागच्या वेळचा गूळ घालून मडकं आजारी पडलं.”

शेठचा गूळ खाऊन कुणी आजारी पडल्याची तक्रार तोवर एकाही माणसाने केली नव्हती. मडक्याची पहिलीच. त्यांनी निमूटपणे आतल्या खोलीतली ढेप काढून दिली. मी त्या रांगेत पिशवी धरून उभी होते, आणि पिशवी धरून उभं राहणं हेच माझं सिस्टरांच्या आयुष्यातलं स्थान होतं.

मी घोडेगावला आले ती नव्याने निघालेल्या एका इंग्रजी शाळेत शिकवायला. नव्वदीच्या शेवटाला आणि दोन हजारच्या सुरुवातीला आंबेगाव तालुक्यात दोन गोष्टी झपाट्याने उगवत होत्या, मोबाइलचे टॉवर आणि इंग्रजी शाळा, आणि दोन्हींची रेंज साधारण सारखीच होती. शाळेला इंग्रजी बोलणारी बाई हवी होती. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी बोलू शकत होते. फक्त बोलत नव्हते. इंग्रजीही नाही आणि मराठीही नाही. हा फरक मुलाखतीत कुणाच्या लक्षात आला नाही, कारण मुलाखतीत मुलाखत घेणारेच बोलले.

सिस्टरांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. पण ‘निवृत्त’ हा शब्द त्यांच्यापुढे काढायचा नसे. घोडेगावपासून भीमाशंकरच्या वाटेवरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत अर्धा तालुका त्यांच्या हातावर जन्मला होता, आणि त्या अर्ध्या तालुक्याला त्या हे विसरू देत नसत. एसटीत चढल्या की कंडक्टरला म्हणत, “पायाळू, सुट्टे आहेत का?” आमच्या शाळेच्या एका ट्रस्टींची ओळख त्यांनी मला “साडेतीन पौंड, पेटीत ठेवला होता,” अशी करून दिली. ट्रस्टी तेव्हा सफारी घालून गाडीला टेकून उभे होते. ते गाडीत बसले.

मला त्या ‘इंग्लिश मीडियम’ म्हणत. “ए इंग्लिश मीडियम, चहा ठेव.” नाव विचारलं होतं, पहिल्या दिवशी. मग म्हणाल्या, “राहू दे, लक्षात राहणार नाही.” घरात राहायच्या अटी दोनच होत्या. मडक्याला हात लावायचा नाही, आणि मडक्याच्या खोलीत मोठ्याने बोलायचं नाही. दुसरी अट मला जन्मजात जमत होती.

मडकं म्हणजे मागच्या खोलीतला कमरेएवढा रांजण. त्यात नीळ भिजत असे: खरी नीळ, झाडाची, मद्रासकडून पार्सलने मागवलेली. त्यात गूळ, चुन्याची निवळी आणि टाकळ्याचं उकडलेलं बी. पावसाळ्यात बांधाबांधावर फुकट उगवणारा टाकळा आम्ही भाजीपुरता ओळखतो. सिस्टर त्याच्या शेंगा पोत्याने वाळवत. हे सगळं मिळून रांजणात आंबत असे, आणि त्याचा वास कसा येतो हे सभ्य मराठीत लिहिता येणार नाही. इंग्रजीत मला येत होतं, पण कॉन्व्हेंटमध्ये तो शब्द शिकवला नव्हता, मी तो बसमध्ये शिकले.

रांजण त्यांचा पेशंट होता. सकाळी उठून त्या त्यात तापमापक बुडवत, काखेत लावायचा तोच. भिंतीवर खिळ्याला केसपेपर टांगलेला. ‘ताप अठ्ठ्याण्णव. रंग हिरवट-पिवळा. वर तांबूस साय. फेस समाधानकारक. सकाळी अर्धी वाटी गूळ दिला.’ थंडीत रांजणाला गोधडी असे. मला चादर होती. एकदा मी तापाने फणफणले होते. सिस्टर आल्या, कपाळावर हात ठेवला, “मडक्यालाही आहे तेवढाच,” म्हणाल्या आणि तापमापक घेऊन मागच्या खोलीत गेल्या.

हे सगळं ज्या कारणाने सुरू झालं ते एका कपाटात, जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवलेलं होतं.

मी यायच्या चार वर्षं आधी गावच्या बुद्धविहारातली मंडळी थायलंडला बुद्धविहार पाहायला गेली होती. सिस्टर त्यांच्याबरोबर. सगळ्यांनी येताना बुद्धमूर्ती आणल्या. सिस्टरांनी घागरा आणला. झालं असं की उत्तरेकडच्या एका डोंगराळ गावी मंडळी देऊळ पाहायला चढली, आणि सिस्टर खालीच राहिल्या, कारण खाली बाजारात एक म्हातारी पाटावर बसून कापडावर मेणाने रेघा ओढत होती. मंडळी उतरून आली तरी सिस्टर तिथंच. दुसऱ्या दिवशी बस पुढच्या विहाराकडे निघाली तेव्हा सिस्टरांना पोट बिघडलं. त्या प्रवासात त्यांचं पोट एकदाच बिघडलं, तेवढ्या दिवसापुरतं.

म्हातारी म्होंग होती. डोंगरात राहणारी ही जमात. लाओसात, थायलंडात, मूळची चीनमधली. घागऱ्याला इंग्रजी चिठ्ठी होती, तिच्यावर एच-एम-ओ-एन-जी असं लिहिलं होतं. मी ते ‘हमाँग’ असं वाचलं.

“म्होंग,” सिस्टर म्हणाल्या. “म्हशीतला म्ह. आपल्याला जमतो. तुमच्या इंग्लिशला जमत नाही, म्हणून दोन अक्षरं वेगवेगळी लिहून ठेवलीत.”

त्या दोन दिवसांत दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. पण सिस्टरांनी पेन मागितलं. पेन म्हणजे बांबूच्या काडीला बांधलेली तांब्याची दोन तिकोनी पानं. ती वितळलेल्या मेणात बुडवायची, आणि मेण दोन पानांच्या फटीतून बारीक उतरतं. सिस्टरांनी रेघ ओढली. म्हातारीने ती पाहिली आणि त्यांच्या बोटांवर चापट मारली.

“नोकरीत माझ्यावर ओरडले सगळेच,” सिस्टर सांगत. “पण चूक त्यांची असायची. माझं काम खरंच चुकलं म्हणून मारलं ते त्या बाईनं. पहिल्यांदा.”

हे त्या इतक्या समाधानाने सांगत की ऐकणाऱ्याला वाटे, त्यांना पदक मिळालं.

चापट मनाला लागली, आणि म्हणून चार वर्षं घोडेगावात एका निवृत्त नर्सने म्होंग घागरा करायला घेतला होता. विहाराची मंडळी पुढच्या माघात पुन्हा थायलंडला जाणार होती. सिस्टरांचं नाव यादीत पहिलं. तो घागरा नेऊन म्हातारीसमोर ठेवायचा, आणि तिने पुन्हा मारलं तर मारून घ्यायचं, असं ठरलं होतं. म्हातारी हयात आहे का, हा प्रश्न मी मनात विचारला. मोठ्याने विचारण्याचा अर्थातच प्रश्न नव्हता.

मूळ कापड भांगेच्या धाग्याचं असतं हे कळल्यावर सिस्टरांनी अंगणात भांग लावायची परवानगी मागणारा अर्ज माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेतला. मराठी अर्ज वाचतात, इंग्रजी अर्जावर सही करतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. दुर्दैवाने कचेरीतल्या कारकुनाला इंग्रजी येत होतं. त्याने अर्ज दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला. “सिस्टर, माझ्या आईच्या बाळंतपणाला तुमी व्हता,” तो म्हणाला, “म्हणून हा वर पाठवत न्हाई.” मग मांजरपाटावर भागवलं.

मेण मात्र अस्सल. भीमाशंकरच्या बाजूच्या बाया पोळ्याचं मेण बसने घेऊन येत. सिस्टर ते चुलीवर पातळ करत आणि जमिनीवर मांडी घालून रेघा ओढत. मी आयुष्यात इतका स्थिर हात पाहिलेला नाही. तान्ह्या पोरांच्या शिरा शोधण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. जिथे मेण बसलं तिथे नीळ शिरत नाही. कापड रांजणातून निघे तेव्हा पिवळट-हिरवं असे, आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जाई. छातीला पिनने लावलेल्या घड्याळात बघून त्या मिनिटं मोजत. पुन्हा बुडी, पुन्हा वारा, वीस-वीस वेळा. शेवटी उकळत्या पाण्यात मेण सुटलं की निळ्यावर पांढऱ्या रेघा: चौकटी, काटे, आणि एकमेकांना पाठ लावून बसलेली वेटोळी.

“जिलबी छान आलीय,” शेजारच्या काकू म्हणाल्या.

“गोगलगाय आहे.”

“आमाला तर जिलबीच दिसतीया.”

“तुम्हाला भूक लागलीय. घरी जा.”

त्या थंडीत रांजणाने अन्न टाकलं. फेस गेला, साय गेली, रंग गढूळ निळा. सिस्टर दोन दिवस त्याच्या उशाशी बसल्या. मग त्यांना आठवलं की म्हातारी असं झालं की तांदळाची दारू ओतायची. अर्धी रांजणात, अर्धी स्वतःत.

“मला जाता येणार नाही,” सिस्टर म्हणाल्या. “मला सगळे ओळखतात. शिवाय मी पाचवं शील घेतलंय, दारूला शिवणार नाही म्हणून. तू काय घेतलंयस?”

मी काहीच घेतलं नव्हतं. म्हणून दुपारी डब्याची पिशवी घेऊन मी ओढ्यापलीकडच्या झोपडीसमोर उभी राहिले. आतल्या बाईने माझ्या पंजाबी ड्रेसकडे पाहिलं.

“किती?”

मी एक बोट दाखवलं.

“पयल्यांदाच का, ताई? मग येवढी नको.”

“मडक्यासाठी आहे,” मी म्हणाले. त्या आठवड्यातलं माझं सर्वांत मोठं वाक्य.

“व्हय व्हय. समदी असंच कायतरी सांगत्यात.”

दुसऱ्या दिवशी रांजणावर तांब्यासारखी साय धरली. पुढच्या पालकसभेत एका पालकाने मला अतिशय आपुलकीने विचारलं, “मॅडम, पुण्याची लई आठवण येत असंल, न्हाई का?” मी मान हलवली. त्याला जे समजायचं ते त्याने समजून घेतलं. हे सगळं मी सिस्टरांना सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या, म्हणून सांगितलं नाही.

आता त्या घागऱ्याबद्दल, म्हातारीच्या. तो मी पाहिला तेव्हा मला तो घागरा वाटलाच नाही. मनगटाएवढी जाड, गच्च बांधलेली गुंडाळी होती. कमरेला पांढरी पट्टी, मध्ये निळं मेणकाम, आणि खाली लाल-गुलाबी कापडाच्या बारीक पट्ट्या शिवून त्यांवर फुल्याफुल्यांचं भरतकाम. पण खरी गंमत चुण्यांची. सहा-सात वार कापड बोटाच्या पेराएवढ्यासुद्धा नाहीत अशा शेकडो चुण्यांत मिटलेलं, आणि त्या चुण्या आडव्या ओळींत कच्च्या टाक्यांनी धरून ठेवलेल्या. हे टाके महिनोन्‌महिने तसेच ठेवायचे, म्हणजे चुण्या कापडाच्या अंगवळणी पडतात. मग सणाला जी घागरा घालणार ती ते ओढून काढते.

सिस्टरांचं कापड रंगून, भरून तयार होतं. अडलं होतं ते चुण्यांपाशी. म्हातारीने ते शिकवायच्या आत बस आली होती. म्हणून त्या घागरा मांडीवर घेत, चष्म्यावर भिंग धरत, आणि एकेक टाका वाचत. सुई कुठे वर येते, कुठे खाली जाते, दुसरी ओळ पहिलीच्या किती खाली.

“हे माझं पुस्तक आहे,” त्या म्हणत. “एकही दोरा हलता कामा नये.” मला हे त्यांनी शंभर वेळा सांगितलं असेल. शंभरदा मी मान हलवली.

डिसेंबरात शाळेचं गॅदरिंग आलं. विषय होता ‘जग हे एक कुटुंब’. प्रिन्सिपॉल मॅडमना आंतरराष्ट्रीय दालन हवं होतं. त्यासाठी तोवर जमा झालेलं जग म्हणजे एक फिरता पृथ्वीगोल आणि दुबईच्या खजुराचा रिकामा डबा. मग कुणीतरी सांगितलं की या मॅडमच्या घरमालकिणीकडे चायनाचा का कुठला घागरा आहे. सिस्टर नाहीच म्हणाल्या. प्रिन्सिपॉल मॅडम स्वतः घरी आल्या, रांजणाचा वास घेऊनही बसल्या, तेव्हा सिस्टरांचं मन द्रवलं.

“हिच्या जबाबदारीवर देते,” त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. “आहे तसा ठेवायचा. सोडायचा नाही.”

शाळेत नेल्यावर मॅडम म्हणाल्या, “असा गुंडाळलेला काय दिसणार? टेलरकडून जरा इस्त्री करून घेऊ.” आणि त्या पुढे, मी मागे.

टेलरकाकांचं दुकान शाळेच्या कोपऱ्यावरच. टेलरकाका हा बाजारपेठेतला एकमेव पुरुष, ज्याला सिस्टरांनी जन्मताना पाहिलं नव्हतं. ते त्यांच्याहून मोठे होते. सिस्टर त्यांना ‘अहो-जाहो’ करत, आणि सिस्टरांच्या पांढऱ्या पोलक्यांचं माप तीस वर्षं काकांच्या वहीत होतं. गॅदरिंगमुळे दुकानात परीच्या पंखांसाठी आलेल्या चार आया उभ्या होत्या. मॅडम त्यांच्याशी पंखांबद्दल बोलू लागल्या. काकांनी घागरा हातात घेतला, अंगठ्याने चुण्या चाळवल्या.

“कुणी केलंय वो हे? काय हात असंल!” मग चष्मा वर करून मला विचारलं, “ह्यातलं कच्चं टाकं काढून टाकू ना, मॅडम? इस्त्रीला अडत्याल.”

मला उत्तर माहीत होतं. पण नुसतं ‘नको’ म्हणून चाललं नसतं. का नको ते सांगावं लागलं असतं, म्हणजे म्होंग, सण, चुण्या, पुस्तक. निदान चार वाक्यं. समोर चार आया, शेजारी मॅडम, आणि मॅडमनी घड्याळ पाहिलं. मी तोंड उघडलं. मग मिटलं.

“बरं, काढतो,” काका म्हणाले. शिंप्याच्या धंद्यात कच्चे टाके काढून देणं ही सचोटी असते. गिऱ्हाइकाला कच्चे टाके दिसले की त्याला वाटतं काम अर्धवट राहिलंय. त्यांनी ब्लेडने एकेक दोरा हळुवार उचलला, पाणी शिंपडलं आणि कोळशाची इस्त्री फिरवली. सहा-सात वार कापड टेबलावरून खाली उतरून उंबऱ्यापर्यंत गेलं.

“अय्या, किती मोठा निघाला!” मॅडम म्हणाल्या. “स्टेजला झालर होईल.”

आणि झाली.

गॅदरिंगला सिस्टर कडक पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पाहुण्यांचं भाषण चालू असताना त्या उठल्या, स्टेजपाशी गेल्या, आणि झालरीच्या टाचण्या काढू लागल्या. एकेक टाचणी मोजून तळहातावर ठेवत होत्या, ऑपरेशननंतर कापसाचे बोळे मोजतात तशा. पाहुणे ‘वसुधैव कुटुंबकम्’पाशी थांबले. टाचण्या बावीस निघाल्या. त्या त्यांनी प्रिन्सिपॉल मॅडमच्या हातात दिल्या आणि कापड खांद्यावर टाकून सरळ टेलरच्या दुकानात गेल्या. पिशवी घेऊन मी मागे.

“टाके कुणी काढले?”

“मीच, सिस्टर.”

“पस्तीस वर्षं मी माणसांचे टाके काढलेत. विचारल्याशिवाय एकाला हात लावला नाही. तुम्ही विचारलं का कुणाला?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच, आणि फार वेळ नाही.

“न्हाई,” ते म्हणाले. “कच्चा टाका दिसला की हात जातो. सवय हाय. चुकलं माजं.”

मी पिशवीचा बंद दुसऱ्या हातात घेतला. तेवढी हालचाल माझ्याकडून झाली. घागरा माझ्या जबाबदारीवर दिला होता, हे सिस्टरांना त्या रागात आठवलंच नाही.

सिस्टरांनी शिव्या दिल्या नाहीत. त्यांची पद्धत वेगळी होती. त्या सांगत सुटल्या. मेणवाल्या बायांना, शेठला, कंडक्टरला, दवाखान्यातल्या सगळ्या नर्सेसना. “विचारत नाहीत. परस्पर कात्री चालवतात. तुमचं कापड सांभाळा.” ज्या बाईने तुम्हाला उलटं धरून श्वास घ्यायला लावला, तिचा शब्द खाली पडू देता येत नाही. नर्सेसचे कपडे जुन्नरला शिवायला जाऊ लागले. मग लग्नसराईची पोलकी. मी शाळेत जाता-येता बघत असे. काकांच्या मशीनवर अभ्रा घातलेला, आणि काका दारात स्टुलावर, नमस्कार केला की “या मॅडम,” म्हणणारे. मी लांबच्या रस्त्याने जाऊ लागले. लांबचा रस्ता चांगला होता. त्यावर कुणी भेटत नसे.

घरी आमचं दुसरंच काम सुरू झालं होतं. चुण्या गेल्या तरी सुईची भोकं शिल्लक होती. सिस्टर कापड खिडकीवर ताणून धरत, उन्हात भोकांचे ठिपके उजळत, आणि मी चौकटीच्या वहीत ते उतरवून घेई. शाळा सुटली की रोज. त्या मोजत, मी लिही.

“सत्तावीस. अठ्ठावीस. इथं फाटलंय. त्या मेल्याच्या ब्लेडनं. लिही.”

मी लिहिलं.

“पोरीच्या जातीनं इतकं गप्प असू नये,” एकदा त्या म्हणाल्या. “पण तुझं बरं आहे. ज्याला विचारायला पाहिजे तो विचारत नाही, आणि तुला कुणी विचारलं तरी तू सांगायची नाहीस.” त्या सहज म्हणाल्या होत्या. माझी पेन्सिल मोडली.

महिना गेला तरी जमेना. भोक कुठे आहे ते कळे, पण सुई त्यातून वर आली की खाली गेली, दोरा किती ओढला, ते भोक सांगत नव्हतं. सिस्टरांनी मांजरपाटाच्या तुकड्यावर सात वेळा चुण्या घालून पाहिल्या. सातही वेळा ते शाळेच्या पिनाफोरसारखं दिसलं. विहाराच्या मंडळींचे पासपोर्ट गोळा झाले. सिस्टरांनी आपला दिला नाही. “हे असं दाखवायला जाऊ?” म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी रांजणाचा ताप घेतला नाही.

मग एका रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. मी उघडलं. टेलरकाका होते. टोपीत सुई खोचलेली, हातात वर्तमानपत्राची पुडी. ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

“कोण आहे?” सिस्टर आतून म्हणाल्या, आणि पाहिलं तशा उभ्या राहिल्या.

“सिस्टर, रागवा. पर बघा.” काकांनी पुडी उलगडली. आत पुठ्ठ्यावर दोरे गुंडाळलेले होते, एकेक ओळ वेगळी. “टाकलं न्हाईत म्या. असल्या हातचा दोरा टाकू वाटंना. बघा, वळ्या मोडल्या न्हाईत त्याच्या. कुठं खाली गेलता, कुठं वर आलता, समदं दोऱ्यातच हाय. आन काढताना माज्या बोटानं बघितलंय. तुमच्या कापडावर मी घालून देतो. माघाच्या आत.”

सिस्टरांची नजर दोऱ्यांवर खिळली. खरंच, दोऱ्याला टाक्याटाक्यागणिक बाक होता. त्यांचा निळा हात पुढे आला. मग थांबला.

“नाही,” त्या म्हणाल्या. “एकदा विचारलं नाहीत. पुन्हा तुमच्या हातात कापड द्यायचं? माझी चार वर्षं आहेत त्यात.”

“तुमचं बी खरं हाय.”

“तीस वर्षं तुमच्याकडं शिवलं. एक शब्द विचारायला काय जात होतं?”

काकांनी पुडी पुन्हा मिटायला घेतली. घड्या जशा होत्या तशाच घालत होते. माझ्याकडे त्यांनी या वेळी पाहिलंसुद्धा नाही, आणि त्यामुळेच मला तिथून कुठे बघावं ते कळेना.

“येतो,” ते म्हणाले आणि वळले.

“इंग्लिश मीडियम,” सिस्टर खिडकीकडे जात म्हणाल्या, “दार लाव. कडी घाल.”

मी दाराला हात लावला. काका पायरी उतरत होते, आणि सिस्टरांची पाठ माझ्याकडे होती. माझा आवाज मला स्वतःलाच अनोळखी वाटला, आणि गरजेपेक्षा बराच मोठा, मागच्या खोलीतल्या रांजणापर्यंत जाईल एवढा.

“त्यांनी विचारलं होतं, सिस्टर. मला विचारलं होतं. नको म्हणायचं हे मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले. काका, थांबा.”